पहिली ते दहावी बायबलचा तास: कोणत्या इयत्तेला काय आणि किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका कॅथलिक शाळेत पहिली ते दहावीचे बायबलचे तास एकाच शिक्षिकेकडे आले आहेत. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकच तास, तोही ३५ मिनिटांचा. नोहाचं तारू किंवा हरवलेलं मेंढरू काढलं की पोरं ओरडतात, "टीचर, ही झालीय आमची!" मग कोणत्या इयत्तेला काय द्यायचं? आणि तीच गोष्ट पुन्हा आली तर नवीन काय सांगायचं?

गोष्टी पुन्हा येणारच. मिस्सामध्येही, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेतही, त्या दर तीन वर्षांनी फिरून येतात. मुलं कंटाळतात ती गोष्टीला नव्हे, प्रश्नाला. दुसरीत विचारलेला प्रश्नच सातवीत विचारला तर ती जांभई देणार. म्हणून आखणी करताना इयत्तेला गोष्टी वाटू नका, प्रश्न वाटा. आणि एक पथ्य काटेकोर पाळा: पुढच्या इयत्तेत खोडावं लागेल असं काही आधीच्या इयत्तेत सांगू नका. लहानपणी कमी सांगितलं तर चालतं, चुकीचं सांगितलेलं निस्तरता येत नाही. "देवाने सहा दिवसांत, म्हणजे सोमवार ते शनिवार, जग केलं" असं दुसरीत ठोकून दिलं, की आठवीत विज्ञानाच्या पुस्तकाशी टक्कर होते. त्या टकरीत बहुतेक वेळा बायबल हरतं, कारण मुलाला एवढंच कळतं की टीचरनी थाप मारली होती.

आधी वर्गात कोण बसलंय ते बघा. कोल्हापुरात कॅथलिक मुलं वर्गाला चार-पाच असली तरी पुष्कळ. ख्रिस्ती म्हणून नोंद असलेल्यांत प्रोटेस्टंट घरची जास्त निघतील, कारण इथे अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. बाकी वर्ग हिंदू, मुस्लिम, जैन. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत ही संमती पालकाची लागते. त्यामुळे धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण हे दोन वेगळे तास ठेवा, वेळापत्रकातही वेगळ्या नावांनी लिहा. प्रोटेस्टंट मुलं धर्मशिक्षणाला बसणार असतील तर त्यांच्या पालकांचीही लेखी संमती जूनमध्येच घ्या. मूल्यशिक्षणात बायबलमधली गोष्ट सांगायला हरकत नाही, पण तिथे ती गोष्ट म्हणूनच राहते, प्रार्थनेकडे वळत नाही. दोन्ही तासांची सरमिसळ झाली की पालकसभेत प्रश्न उठतो, आणि तो रास्त असतो.

घरून आणलेलं बायबल ही दुसरी अडचण. प्रोटेस्टंट घरातल्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. तोबीत, युदिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तकं घरच्या प्रतीत सापडत नाहीत. एस्तेर आणि दानिएल या पुस्तकांतलाही काही भाग तिथे नसतो. "सिराख उघडा" म्हणालात की अर्धा वर्ग पानं चाळत बसतो आणि एखादा म्हणतो, "आमच्या चर्चमध्ये हे नाही." या वादात पडू नका. ग्रीक भाषेतल्या जुन्या संग्रहात ही पुस्तकं होती, कॅथलिक परंपरेने ती ठेवली, हिब्रू यादीवर चालणाऱ्यांनी ठेवली नाहीत, एवढं सातवीला पुरतं. शाळेत एका छापाच्या दहा-बारा प्रती असल्या तर दोघांत एक देऊन भागतं. मोबाईलवरचं बायबल नको. त्यात एक वचन सापडतं, पण त्याच्या आगेमागे काय आहे ते दिसत नाही.

आता शब्द, कारण निम्मा घोटाळा मराठीतच आहे. 'तारण' (पापातून सुटका) म्हणताच कोल्हापूरच्या मुलाच्या डोळ्यांपुढे पतसंस्थेची 'सोने तारण कर्ज' ही पाटी येते. 'शास्त्री' म्हटलं की त्याला संस्कृत पंडित नाहीतर एखादं आडनाव आठवतं. शुभवर्तमानातले (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतले) शास्त्री म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचे जाणकार, हे प्रत्येक इयत्तेत पुन्हा सांगावं लागतं. 'जकातदार' तर आता जकातच नसल्यामुळे हवेत तरंगतो. तो परक्या रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करायचा, हे सांगितल्याशिवाय जक्कय नावाच्या जकातदारावर लोक का चिडले होते ते कळत नाही. उलट काही शब्द मराठीतच चांगले उलगडतात. 'वल्हांडण' ऐकून पोरं होडीच्या वल्ह्याकडे जातात. त्यांना 'ओलांडणे' हा शब्द द्या, म्हणजे मृत्यू इस्राएली घरांचे उंबरे ओलांडून पुढे गेला ते चटकन समजतं. 'गव्हाण' तर करवीर आणि कागल तालुक्यातल्या मुलाला समजावूनच द्यावी लागत नाही. शहरातल्या मुलाने ती फक्त नाताळच्या देखाव्यात बघितलेली असते. फळ्याच्या एका कोपऱ्यात दर तासाला असे दोन शब्द लिहा, जास्त नको.

पहिली-दुसरीला पुस्तक हातात देऊ नका. गोष्ट तोंडी सांगा, सात-आठ मिनिटांत, आणि एकच गोष्ट तीन आठवडे चालवा. पहिल्या आठवड्यात फक्त ऐकायची. दुसऱ्यात मातीची किंवा पुठ्ठ्याची चित्रं हलवत मुलांनीच सांगायची. तिसऱ्यात चित्र काढायचं. सोफिया कावालेत्ती यांनी १९५४ मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी सुरू केलेली पद्धत उत्तम मेंढपाळाच्या दृष्टान्ताभोवतीच उभी आहे आणि कोल्हापुरात तो दृष्टान्त फार सोपा जातो. सुगीनंतर शेतात मेंढरं बसवलेली, घोंगडं खांद्यावर टाकून उभा असलेला धनगर मुलांनी पाहिलेला असतो. लूक १५ मधली शंभरातली एक हरवली, की पहिलीतलं पोर हमखास विचारतं, "मग नव्याण्णवांकडं कोण बघणार?" लगेच उत्तर देऊ नका. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा. या वयात इसहाकाचं बलिदान, मिसरातल्या प्रथमजन्मलेल्यांचा मृत्यू आणि क्रुसाच्या यातनांचं तपशीलवार वर्णन टाळा. झोप उडते आणि देवाची भीती बसते.

तिसरी-चौथीच्या सुमारास पहिल्या कम्युनियनची (मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची) तयारी असते, तेव्हा जेवणाच्या गोष्टी एका माळेत घ्या: वल्हांडणाचं जेवण, रानातला मान्ना, पाच भाकरी आणि दोन मासे, शेवटचं भोजन. बायबल उघडायला याच वर्षी शिकवा: पुस्तकाचं नाव, अध्याय, वचन. 'लूक १५:४' फळ्यावर लिहून कोण आधी शोधतो असा खेळ पाच मिनिटं घ्या. महिन्याभरात हात बसतो.

पाचवी ते सातवी हा सगळ्यात हाताळण्याजोगा टप्पा, पण नेमका इथेच वेळ वाया जातो, कारण आपण मुलांना 'तात्पर्य' लिहायला लावतो. इसापनीतीची सवय. "द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या गोष्टीचे तात्पर्य: देव उदार आहे." संपलं! मत्तय २० हा दृष्टान्त टोचावा म्हणूनच सांगितलेला आहे. एक दिनार म्हणजे दिवसाची हजेरी. सकाळी सहाला आलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एक. मुलांना दोन गटांत बसवा, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. सकाळचा गट भांडेल, भांडू द्या. मग संध्याकाळच्या गटाला विचारा, दिवसभर कुणी कामाला न बोलावलेला माणूस रिकाम्या हाताने घरी गेला तर चुलीवर काय शिजणार? तास इथेच थांबवा. अर्धवट वाटेल, पण पुढच्या आठवड्यात मुलं स्वतः विषय काढतात.

शेतीच्या दृष्टान्तांत इथली मुलं शिक्षकाला अडवतात. मार्क ४ मधला पेरणारा वाटेवर आणि खडकावर बी टाकतो, तेव्हा ज्यांच्या घरी कुरीने पेरणी होते ती पोरं हसतात. हसू बरोबर आहे. तो फोकून पेरतोय आणि बी वाया जाण्याची त्याला फिकीर नाही, या अंगाने दृष्टान्त उघडा. खमिराच्या दृष्टान्तात (मत्तय १३:३३) भाकरी आड येते, कारण तिला खमीर लागत नाही. विरजणाचं उदाहरण द्या. आणि 'तीन मापे पीठ' म्हणजे सुमारे ४० लिटर, वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन जार भरतील एवढं. एका घरच्या जेवणासाठी कुणी एवढं पीठ मळत नाही. ही अतिशयोक्ती दिसली की दृष्टान्त हलायला लागतो.

काळाचं भान याच टप्प्यात द्या, नाहीतर दहावीतही अब्राहाम, दावीद आणि येशू एकाच गल्लीत राहणारे वाटतात. २० मीटर सुतळी व्हरांड्यात ताणा आणि अर्धा मीटर म्हणजे १०० वर्षं धरा. सुरुवातीला अब्राहाम, ढोबळमानाने इ.स.पू. १८५० (तारीख अंदाजाचीच आहे, तसं मुलांना सांगा). ३ मीटरवर मोशे, सव्वाचार मीटरच्या आसपास दावीद, ६.३ मीटरवर यरुशलेमचा पाडाव आणि बाबेलचा बंदिवास, ९.२ मीटरवर येशूचा जन्म. मग लांबलचक मोकळी सुतळी. १७.३ मीटरवर १६१६, फादर स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं गेलं ते वर्ष. त्यापुढे वीतभरापेक्षा थोडं जास्त गेलं की १६७४, शिवराज्याभिषेक. आजचा दिवस १९.४ मीटरच्या जवळपास येतो. उरलेली सुतळी गुंडाळून ठेवा, "पुढे काय?" असं कुणीतरी विचारतंच. शाब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शिकवताना आपल्याकडच्या बेने इस्राएली यहुद्यांना विसरू नका. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. यहुदी लोक ही फक्त पुस्तकातली मंडळी नव्हेत हे त्यातून कळतं, आणि पुढे येशूच्या दुःखसहनाचं वाचन करताना "यहुद्यांनी येशूला मारलं" असं सरसकट वाक्य तोंडात येत नाही. त्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

नोहाच्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण कोल्हापुरात ती सगळ्यात जपून सांगावी लागते. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा महापूर या शहराने पाहिलाय. ज्या घरात छातीइतकं पाणी आलं होतं, तिथल्या पोराला "लोक वाईट वागले म्हणून देवाने पूर आणला" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आम्ही काय केलं होतं?" म्हणून लहान वर्गात ही गोष्ट जून ते ऑगस्टमध्ये घेऊच नका, दिवाळीनंतर घ्या. आणि वजन पुरावर न देता उत्पत्ती ८:२१ आणि ९:८-१७ वर द्या, जिथे देव पुन्हा असं करणार नाही म्हणून शब्द देतो. मूळ हिब्रूत मेघातल्या त्या खुणेला लढाईच्या धनुष्याचाच शब्द आहे. मराठीत आपणही इंद्रधनुष्यच म्हणतो, त्यामुळे 'देवाने धनुष्य खाली ठेवलं' हा अर्थ मुलांना विनासायास पकडता येतो. दुसरीला एवढंच.

सहावीला हीच गोष्ट मोजायला द्या. तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे १३५ मीटर लांबी. मैदानावर पावलांनी मोजू द्या. बऱ्याच शाळांच्या मैदानात ते बसतच नाही. मग मजकूर बारकाईने वाचायला लावा. ६:१९ मध्ये प्रत्येक जातीची एक जोडी आहे, ७:२ मध्ये शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. ७:१७ मध्ये चाळीस दिवस, ७:२४ मध्ये दीडशे. मुलांना चूक सापडल्याचा आनंद होतो. तो हिरावू नका. दोन जुन्या कथनांचे धागे एकत्र विणलेले आहेत, विणणाऱ्याला दोन्ही मोलाचे वाटले म्हणून त्याने एकही टाकला नाही, असं सांगा.

नववीत तिसरा फेरा. मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवरही जलप्रलयाची कथा आहे. त्यातल्या एका कथेत देव पूर आणतात तो माणसांच्या गोंगाटाने झोपमोड होते म्हणून. मनू आणि माशाची कथा वर्गातल्या मुलांच्या कानावर असतेच. कुणाची कथा खरी, असा सामना लावू नका. बायबलच्या लेखकाने ओळखीची कथा घेऊन कारण कुठे बदललं ते शोधायला सांगा: गोंगाटाच्या जागी हिंसा आली (६:११), आणि देवाला वाईट वाटलं (६:६). दहावीला १ पेत्र ३:२०-२१ द्या आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत बाप्तिस्म्याचं पाणी आशीर्वादित करताना जलप्रलयाचा उल्लेख का येतो ते विचारा. चार फेरे झाले, पण आधीच्या फेऱ्यातलं एकही वाक्य मागे घ्यावं लागलं नाही.

आठवीपासून चार शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. सुरुवातीला यरीहोचा आंधळा बरा पडतो. मार्क १०:४६-५२ मध्ये तो एकटा आहे, त्याला बार्तीमय हे नाव आहे आणि येशू यरीहोतून बाहेर पडतोय. मत्तय २०:२९-३४ मध्ये दोन आंधळे, नाव नाही. लूक १८:३५-४३ मध्ये एकच, पण येशू अजून यरीहोजवळ पोचतोय. तीन रंगांच्या पेन्सिलींनी सारखं काय, वेगळं काय ते खुणावू द्या. "मग खोटं कोण बोलतंय?" हा प्रश्न दहा मिनिटांत येतो. खासबागेतली एकच कुस्ती बघून आलेले दोन वस्ताद ती वेगवेगळी सांगतात. एकाला डाव दिसतो, दुसऱ्याला दम. पण तेवढ्यावर सोडू नका. 'देई व्हेर्बुम' या त्याच व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजातला १९ वा परिच्छेद तीन पायऱ्या देतो: येशूने केलं आणि शिकवलं ते, प्रेषितांनी सांगत ठेवलं ते, आणि शुभवर्तमानकारांनी निवडून, जुळवून लिहिलं ते. याच दस्तऐवजाचा १२ वा परिच्छेद साहित्यप्रकार ओळखायला सांगतो. शिक्षकाने हे दोन परिच्छेद स्वतः वाचलेले असावेत. वर्गात त्यांचं नाव घेतलं नाही तरी चालेल.

नववीत आमोस या संदेष्ट्याचं पुस्तक चुकवू नका. ८:५ मध्ये माप लहान करून आणि तराजूत फसवून गरिबाला लुबाडणाऱ्यांवर तो तुटून पडतो. काटामारी हा शब्द ऊसवाल्या घरातल्या मुलाला शिकवावा लागत नाही. फक्त चर्चा एखाद्या कारखान्याच्या नावावर घसरू देऊ नका, नाहीतर आमोस बाजूला राहतो. यहोशवाच्या पुस्तकातल्या कत्तली आणि ईयोबाचं पुस्तक दहावीला घ्या, पण पहिल्या सत्रात. जानेवारीनंतर दहावीचं लक्ष बोर्डात असतं.

वर्षाच्या आखणीत एक मेख आहे. मिस्साची रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात चालतात: मत्तय, मार्क, लूक. योहान मुख्यतः उपवासकाळात आणि ईस्टरकाळात येतो, आणि मार्कच्या वर्षात काही रविवार. हे वर्ष नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं, शाळेचं वर्ष मात्र जूनमध्ये. म्हणजे दिवाळीपर्यंत एक शुभवर्तमान आणि नाताळच्या आधीपासून दुसरं. कोणतं, ते काढायला सोपं आहे: ज्या इसवी सनाला ३ ने पूर्ण भाग जातो, तो सन सुरू होण्याआधीच्या आगमनकाळापासून लूक. त्यापुढे मत्तय, मग मार्क. वर्गातली आकडेमोड आवडणारी पोरं हे एकदा सांगितल्यावर विसरत नाहीत. गणपती, दसरा, सहामाही, स्नेहसंमेलन वजा जाता हाती तीसच्या आत-बाहेर तास उरतात. बावीस-तेवीसचीच आखणी करा. ईस्टर मार्च-एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो, म्हणून पुनरुत्थानाचे पाठ शेवटच्या आठवड्यावर टाकले तर ते हमखास राहून जातात आणि मुलांच्या मनात गोष्ट क्रुसावरच संपते. ते फेब्रुवारीत घ्या, काळाच्या आधी झाले तरी बेहत्तर.

३५ मिनिटांतली साधारण विभागणी: दोन मिनिटं शांत बसणं, आठ मिनिटं वाचन (एकदा शिक्षकाने, एकदा मुलांनी), पंधरा मिनिटं प्रश्न आणि काम, सात मिनिटं वही, शेवटी उताऱ्यातल्याच एका ओळीची प्रार्थना. प्रश्नोत्तरं लिहून द्यायला लागलात की पंधरा मिनिटांचा मधला भाग जातो.

कॅथलिक मुलं कमी म्हणून पाचवी ते आठवी एकत्र बसवली जात असतील, तर उतारा एकच ठेवा आणि काम वेगळं द्या. बार्तीमयाच्याच उताऱ्यावर पाचवीने यरीहो नकाशात शोधायचं आणि यरुशलेमपर्यंतची सुमारे २७ किलोमीटरची, हजारेक मीटरची चढण रेखाटायची. घाट चढणं म्हणजे काय हे गगनबावड्यावरून कोकणात जाऊन आलेल्यांना सांगावं लागत नाही. सहावी-सातवीने आंधळ्याशी कोण काय बोललं त्याची यादी करायची. आधी त्याला गप्प करणारे लोकच नंतर "धीर धर" म्हणतात, हे त्यातून सापडतं. आठवीला तुलना. शेवटची आठ मिनिटं तिन्ही गटांनी एकमेकांना सांगायचं.

वही पाचवी ते दहावी एकच, दोनशे पानी. गोष्ट पहिल्यांदा आली की डाव्या पानावर लिहायची, तारीख घालून, आणि उजवं पान कोरं सोडायचं. दोन-तीन वर्षांनी तीच गोष्ट आली की मूल आधी डावं पान वाचतं आणि मग उजवं लिहितं. "ही झालीय आमची" म्हणणाऱ्याला तेच डावं पान उघडून द्या. वह्या घरी पाठवू नका, हरवतात. शाळेतच कपाटात ठेवा, आणि ते कपाट तळमजल्यावर नको.